बाईंच्या बाजारात मी मुका

मला इंग्रजी बोलायला शिकवलं सुनंदाबाईंनी. सातवीतच शाळा सोडलेला मी आज मस्कतच्या दुकानात काउंटरवर उभा आहे, तो त्यांच्यामुळं. पण मी त्यांचं काय केलं, हे अजून कुणाला — बायकोलासुद्धा — सांगितलेलं नाही.

ढोकीजवळचं आमचं गाव. बाई दर शुक्रवारी बाकं भिंतीला सारून वर्गात बाजार मांडायच्या. आम्ही घरून भेंडी, वांगी आणायची आणि घासाघीस करायची इंग्रजीतच. चुकलं तर बाईही आमच्यासोबत हसायच्या. मी सगळ्यांत पुढं. "टू मच बाई, गिव्ह मी लेस" — हे मी त्यांनाच ऐकवायचो.

आणि घरी? घरी सांगायचो, बाई नुसतं खेळवतात, आम्हाला काही येत न्हाय. का सांगायचो? शाळा सोडून चुलत्याच्या ट्रॅक्टरवर बसून उसाच्या खेपा मारायच्या होत्या मला. बस्स. इतकी हलकी गोष्ट.

चुलता शाळेच्या समितीचा अध्यक्ष. त्यानं बैठक लावली. ज्यांना इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ते कडक इस्त्रीतले शहाणे बाईंना शिकवावं कसं ते सांगायला बसले. त्यांची मला अजून किळस येते — पण ‘बाई नुसतं खेळवतात’ हे शब्द त्यांच्या तोंडात घातले कुणी?

बाई निर्धास्त होत्या. त्यांनी मलाच उभं केलं. "याला विचारा, काहीही."

चुलता मिशीत हसला. "बोल की रं. वांगी काय भाव? इंग्रजीत सांग."

येत होतं. अगदी ओठावर होतं. पण बोललो तर घरी सांगितलेलं खोटं उघडं पडणार — मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

"लई शिकलंय पोरगं," कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

बाई तेवढ्या म्हणाल्या, "घाबरला असेल हो."

पुढच्या शुक्रवारी बाकं रांगेत. नुसती स्पेलिंगं घोकायची. बाजारातच काय ती तोंड उघडणारी आमच्या वर्गातली मंगल पुन्हा गप्प झाली. मला ते बघवलं? बघवलं. थोड्याच दिवसांत मी ट्रॅक्टरवर होतो, शिट्ट्या मारत.

आता गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालतं तेव्हा बाईंचीच वाक्यं तोंडात येतात, सफाईदार. तेव्हा गप्प राहिलेली जीभ आता पोटासाठी चुरूचुरू चालते. थू.

गावी जाईन तेव्हा बाईंना बोलावून, त्याच माणसांपुढं उभा राहीन. वांग्याचा भाव इंग्रजीत सांगीन. मग घरी काय सांगत होतो, तेही. बाईंनी माफ करावं म्हणून न्हाय. ते उत्तर त्यांचं होतं. त्यांना परत करीन.