बिनमाशाची पेटी

येरमाळ्यात आमच्या शेजारी श्रीपतीआण्णा कल्हईवाले राहायचे. मी एसटीत कंडक्टर, सोलापूरच्या फेरीवर. गाडी जरा उशिरा सुटली तरी माझं डोकं फिरतं. आणि आण्णा म्हणजे भट्टीचा भाता सावकाश ओढत बसणारा माणूस. आमचं जमलं कसं, हे माझ्या बायकोला अजून कोडं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी गावच्या सहकारी भांडारात स्टीलची भांडी आली आणि पितळेला कल्हई लावून घेणारं कोणी उरलं नाही. भाता कोपऱ्यात पडला. तेव्हा आण्णांनी एक खूळ डोक्यात घेतलं. त्यांच्या बायकोला, सरूबाईला, पूर्वी सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं काचेच्या पेटीत रंगीत मासे होते. सरूबाई त्या पेटीपुढून हलेना. नंबर आला तरी हलेना. या दोघांची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. दोन्ही वेळेला आण्णा कल्हईच्या फेरीवर परगावी होते. सरूबाई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. "बोलली असती तर बरं झालं असतं," असं आण्णा एकदा मला म्हणाले होते.

तर आण्णांनी बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातली काच आणली, पत्र्याची चौकट केली, फटींत खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली, आणि बायकोला न विचारता माझ्याकरवी चार मासे मागवले.

आठवड्याच्या आत चारही मेले.

"घरात जीव आणून मारायचं असंल तर म्या तामलवाडीला भावाकडं जाते," सरूबाई म्हणाली. "मला आता मेलेलं बघवत न्हाय." ती नुसती धमकी नव्हती. तिचं गाठोडं मी दारात पाहिलं होतं.

मी सोलापूरला मासे विकणाऱ्या बसप्पाशी जाऊन भांडलो. तो बापडा शांतपणे म्हणाला, "पेटी नवी हाय की हो. माशाच्या घाणीतनं झोंबरं काहीतरी तयार होतं, त्यानंच मासा मरतो. ते खाणारे बारीक जीव आधी दगडांवर वाढले पाहिजेत. मासा टाकू नका. ते झोंबरंच थोडं थोडं टाका, अन् थांबा." आपल्या जुन्या पेटीतले मूठभर ओले खडेही त्यानं बांधून दिले.

मी हे सगळं आण्णांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "झोंबरं व्हय? ते तर डबाभर पडलंय की घरात." नवसागर! कल्हई लावताना तापल्या भांड्यात टाकायची ती पांढरी पूड.

सरूबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिला राहवलं नाही. "अन् ते खडं म्हंजी इरजणच की," ती म्हणाली. मग आठवण झाल्यासारखी पुढं म्हणाली, "पर मासं आणायचं न्हाय."

रोज संध्याकाळी चिमूटभर नवसागर रिकाम्या पेटीत पडू लागला. सकाळी त्यातलं वाटीभर पाणी काढायचं, पानाचा चुना कालवायचा, चुलीवर कोमट करून हुंगायचं. नवसागर उरला असेल तर नाकाला झोंबतं. रातोरात सगळा फस्त व्हायला लागला की पाणी पिकलं म्हणायचं. अडचण एकच होती. जन्मभराच्या धुरानं आण्णांचं नाक कामातून गेलेलं. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसायचा. त्यामुळे हुंगायचं काम सरूबाईकडं आलं.

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. पाणी टँकरचं. पेटीतलं आटलेलं भरायला सरूबाई स्वतःच्या वाटणीतला तांब्या ओतायची आणि ओतताना तोंड चालू ठेवायची, "माणसाला न्हाय अन् काचंला पाणी." लोक मुद्दाम डोकावून विचारायचे, "आण्णा, मासं जेवलं का?" आण्णा म्हणायचे, "जेवलं. ताटात काय टाकत न्हाईत."

रोज सकाळी आण्णा विचारायचे, "काय म्हणतंय?"

सरूबाई म्हणायची, "झोंबतंय."

गावच्या येडाईची चैत्री यात्रा झाली, मृग कोरडा गेला, तरी पाणी झोंबतच होतं. माझा धीर सुटला. एका सकाळी ती टँकरवर गेलेली पाहून मीच वाटी तापवली आणि हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. नुसता ओला चुना.

"आण्णा, पाणी कवाच पिकलंय. वैनी खोटं बोलत्यात."

"ठावं हाय," आण्णा म्हणाले. "आदी वाटी नाकाशी नेली की तोंड फिरवायची. आता नुसती धरून बसती."

"मग आज आणू का मासं?"

"न्हाय. मागल्या बारीला म्या तिला इचारलं न्हवतं. आता ती म्हणंल तवा."

मला संताप आला. ऐन टंचाईत रिकाम्या पेटीला पाणी घालायचं आणि खरं ठाऊक असून रोज तोच प्रश्न विचारायचा! पण चिडता चिडता मला त्या माणसाचा फार लोभ वाटला. मी तोंड बंद ठेवलं, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

श्रावणात एकदा मी ड्यूटीला निघालो होतो. सरूबाई दारात आली. "भावजी, झोंबत न्हाय आता."

"आज थांबलं व्हय?" मी साळसूदपणे विचारलं.

"लई दिस झालं." तिनं मागं वळून आण्णांकडं पाहिलं. "ह्यांनी एक दिस घाई केली न्हाय. आणा चार."

ते चार जगले. सरूबाईनं त्यांना नावं दिली, सणाला गोडाचा कण टाकू का म्हणून मला विचारलं, आणि नको म्हटल्यावर माझ्यावरच रुसली. आण्णा पेटीकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत बसायचे.

दोनेक वर्षांनी त्यातला एक मेला. ऐकल्याबरोबर मी हातातली भाकरी टाकून धावलो; मला तामलवाडीचं गाठोडं आठवलं होतं. सरूबाई तळहातावर मासा घेऊन बसली होती. आण्णा भिंतीला टेकून उभे होते, तोंड पार उतरलेलं.

"वय झालं व्हतं त्याचं," सरूबाई म्हणाली. "पाण्याचा दोष न्हाय." मग आण्णांकडं बघून म्हणाली, "तुमचाबी न्हाय. तवाबी न्हवता."

ती माशांबद्दल बोलत नव्हती. आण्णा खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

सरूबाईनं मासा तुळशीपाशी पुरला, हात धुतले आणि मला विचारलं, "भावजी, उद्या सोलापूरची फेरी हाय न्हवं? येताना एक आणा."