तात्यांचा निसटलेला पट्टा आणि बावड्याकडची गजी

"बिरोबाच्या जत्रेला चल, गजी दाखवते," असं माझी ऑफिसातली मैत्रीण सुनीता गेली तीन वर्षं म्हणत होती आणि दर वर्षी माझं काहीतरी आडवं येत होतं. यंदा मी आधी रजा टाकली, मग घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "नाच बघायला इंदापूर?" म्हटलं, हो, इंदापूरच!

पहाटे हडपसरहून गाडी काढली. सोलापूर महामार्ग उत्तम आहे, फक्त उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर संयम ठेवा. गाडी नसेल तर स्वारगेटहून इंदापूरची एसटी मिळते. भिगवणला चिलापी फ्राय आणि बाजरीची भाकरी खाल्ली. हा मासा उजनीतला. काटे आहेत, पण चव अशी की दुसरी प्लेट मागवताना लाज वाटली नाही.

पळसदेवला थांबाच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की जुनं देऊळ वर येतं. आम्ही चिखल तुडवत पार जवळ गेलो आणि चपला धुण्यातच अर्धा तास घालवला.

वाटेत सुनीताने खरी काळजी सांगितली. तिचे वडील, म्हणजे तात्या, गावच्या गजीचे ढोलकरी. गजी हा धनगरांचा नाच. पांढरे अंगरखे, फेटे, हातात रंगीत रुमाल, आणि ढोल, झांजेसारखा कैताळ आणि सनईच्या तालावर फिरणारं रिंगण. पण तात्यांचा खांदा धरला आणि वर्षभर ढोल खुंटीलाच राहिला. दरम्यान पोरांनी तात्यांचंच जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून सराव केला. यंदा जत्रेतही स्पीकरच लावायचं ठरलं होतं.

"तात्या काय म्हणत न्हाईत," सुनीता म्हणाली. बावडा जवळ येईल तशी तिची बोली बदलत होती. "पण माणूस मनातनं खचलाय."

बावड्याच्या अलीकडे सुनीताच्या वस्तीवर पोचलो. तात्या बाजेवर बसले होते. चहा झाल्यावर मी न राहवून विचारलं, "ढोल ऐकायला मिळणार ना?"

"माझं काय काम आता? पोरांचं भागतंय की मोबाईलवर," ते म्हणाले आणि बशी पालथी घातली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे शेवटचा सराव होता. सुनीताने जवळजवळ ओढतच तात्यांना नेलं. तिचा चुलतभाऊ सागर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. रात्रपाळी करून तो तसाच आला होता. त्याने स्पीकर लावला आणि पोरं सुटली! रुमाल उडतायत, धूळ उडतेय, माझे पाय जागेवर राहीनात. ठेका चढत चढत गेला आणि एकदम ढोल थांबला. सगळं रिंगण एक पाय उचलून, रुमाल वर धरून गप्प उभं. मग ढोल पुन्हा सुरू, पोरं पुन्हा सुरू. मी तर टाळ्याच वाजवल्या.

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. "सागर, हे थांबायचं कुणी शिकवलं रं?"

"तुमीच की तात्या! तुमची खास जागा हाय न्हवं ती? तेवढीच बसवायला महिना गेला आमचा."

 तात्या असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "आरं येड्यांनो, तितं ढोलाचा पट्टा निसटला हुता माझ्या खांद्यावरनं! तो चढवीस्तवर थांबलो मी!"

रेकॉर्डिंग झालं त्या वर्षी नाचलेली मंडळी आता बसून बघणारी, आणि ही पोरं सगळी नवी. सांगणार कोण? सागरचा चेहरा पडला. "मग आता वो तात्या? दुपारी जत्रा. पाय तर तितंच थांबणार."

तात्यांनी डोळे पुसले. "तो डबा बंद कर. ढोल आण. आन् माझी बाज बी आण हितं. खांद्यावर न्हाय झेपायचा."

ऊन कलल्यावर जत्रा भरली. भंडाऱ्याने माणसं पिवळी झालेली, भेळेच्या गाड्या, पाळणे. देवळापुढे बाज, बाजेवर ढोल, मागे तात्या. पहिली काठी पडली आणि छाती दणाणली. स्पीकरमधला ढोल कानाला लागत होता, हा पोटात शिरला. पोरं अडखळली, तर तात्या ठेका जरा धरायचे, ती सावरली की सोडायचे. स्पीकर कुठे कुणासाठी थांबतो?

ती जागा जवळ आली. सागर नाचता नाचता तात्यांकडेच बघत होता. सुनीताने माझा हात घट्ट पकडला.

तात्यांनी काठी उचलली आणि थांबले. सगळं रिंगण एका पायावर. जत्रा गप्प. तात्यांनी सावकाश, दुखऱ्या खांद्यावर, नसलेला पट्टा वर चढवला. मग धाडकन काठी पडली आणि जत्रेत जो आरडाओरडा झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. सुनीता रडत होती. खरं सांगायचं तर मीही.

परतीला बारामती, मोरगाव, जेजुरी असा रस्ता धरला. जाणार असाल तर चैत्रात जा, टोपी न्या, आणि राहायची सोय नसेल तर इंदापुरात लॉज बघून ठेवा.

काल स्वयंपाक करताना मोबाईलवर जत्रेचा व्हिडिओ लावला होता. ढोल थांबला तसा माझा डावही हवेत थांबला, एक पाय वर.

"काय गं, काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

म्हटलं, "थांब जरा. तात्या पट्टा चढवतायत."