चार चुली आणि रत्नम्माचा सोमवार

रत्नम्माला भाकरी ऐकू येते. बाकीच्या बायका भाकरी डोळ्यांनी बघतात, नाकानं जोखतात. रत्नम्मा तुकडा कानाशी नेऊन मोडते. 'कट्' असा एकच कोरडा आवाज आला तर भाकरी पास. 'कर्र' असा लांबट आला तर मध्ये ओल राहिली. आवाजच आला नाही तर ती बाई नापास, तिचं माहेर नापास आणि तिला भाकरी शिकवणारी तिची आईसुद्धा नापास. स्वतःची भाकरी ती एकदाच ऐकते. दुसरीची तीनदा ऐकते, आणि तिसऱ्यांदाही 'कट्'च आला तर "आज कानात वारं शिरलंय" म्हणून तुकडा खाली ठेवते.

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं कडक भाकरीचा धंदा सुरू केला त्याला बरीच वर्षं झाली. कडक भाकरी म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला गेलं तर तो हसेल. बाहेरच्यांसाठी एवढंच, की ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं शेवटचं पाणी काढून घ्यायचं. अशी भाकरी खूप दिवस टिकते. मोडायला मात्र एक धक्का पुरतो. स्वभावाच्या बाबतीत रत्नम्मा भाकरीवरच गेली होती.

मत्सर हा शब्द तिच्यासाठी जरा जास्तच सोवळा होतो. तिच्या आपलं पोटात दुखतं. आणि या दुखण्याची एक पद्धत आहे. चारचौघींचा घोळका तिला घोळका म्हणून दिसतच नाही. ती एकेकीला मनातल्या मनात बाजूला घेते आणि स्वतःशेजारी उभी करते. लग्नात गेली की एकीच्या साडीच्या काठाशी आपला काठ, दुसरीच्या जावयाशी आपला जावई, तिसरीच्या गुडघ्यांशी आपले गुडघे. पंगत उठेपर्यंत दहा जणींशी सामना व्हायचा. नऊ जणींवर मात करून आलेली रत्नम्मा घरी येऊन दहावीच्या नावानं भांडी आदळायची. तिचा नवरा शिवशरण रिक्षा चालवतो. तो म्हणायचा, "अगं, इतक्या ठिकाणी खणलं तर कुटंतरी दगड लागणारच की!" पण नवऱ्याचं शहाणपण घरात कोण मोजतं?

अलीकडे या दहावीचं नाव कायमचं ठरलं होतं. भुवनेश्वरी. शेडमध्ये चार चुली. एक रत्नम्माची, एक काशम्माची, एक निंगव्वाची, आणि चौथी दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटकडून लग्न होऊन आलेल्या भुवनेश्वरीची. पोरगी कामसू, गोड बोलणारी, "रत्नक्का, रत्नक्का" करत मागेपुढे असणारी. म्हणजे राग यायला एकही धड कारण नाही, आणि त्याचाच रत्नम्माला जास्त राग. त्यात कुणी गिऱ्हाईक भाकरी बघून "वा, ही कुणाच्या हातची?" म्हणालं की ती हटकून भुवनेश्वरीची निघायची. रत्नम्माच्या हातची असली तर गिऱ्हाईक नुसतंच पैसे देऊन जायचं.

ठिणगी पडली ती पुण्याच्या दुकानदारामुळे. त्यानं फोनवर सांगितलं, "माल छान आहे, पण पाकिटावर कुणाचं तरी नाव आणि फोटो टाका. लोकांना घरच्या बाईच्या हातचं वाटलं पाहिजे. आणि हो, जिच्या भाकऱ्या प्रवासात कमी मोडतात, तिच्याच पद्धतीनं सगळा माल करा."

एक नाव. एक फोटो. रत्नम्मानं त्याच दिवशी ट्रंकेतली इरकल बाहेर काढून उन्हात घातली.

"रत्नक्काचंच नाव टाका की," भुवनेश्वरी म्हणाली. "शेड त्यांची, सुरुवात त्यांची."

इथं दुसरी कुणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. रत्नम्मा ताडकन उठली. "दया नको मला कुणाची! मोजा. जिच्या कमी मोडतील तिचं नाव. झालं?"

मोजणार कोण, तर शिवशरणच्या बहिणीची मुलगी, सिद्धेश्वरी. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नवऱ्याची भाची म्हणजे घरचंच माणूस, निकाल घरातच राहील असा रत्नम्माचा हिशोब. पण सिद्धेश्वरी निघाली भलतीच सरळ. तिनं तीन आठवड्यांची परीक्षा लावली. रोज चौघींची एकेक थप्पी, सारख्याच फडक्यात बांधलेली, शिवशरणच्या रिक्षातून अक्कलकोट रोडला जाऊन यायची. कुठली थप्पी चाकावर आणि कुठली मध्ये हे रोज चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आल्यावर गाठ सोडायची आणि मोडलेल्या भाकऱ्या मोजायच्या. माणसं सोडून भाकऱ्या हिंडवणारा सोलापुरातला पहिलाच रिक्षावाला म्हणून स्टँडवर शिवशरणची भरपूर चेष्टा झाली. "काय शिवू, मागं कोण बसलंय? वयनी व्हय?" "वयनी न्हाय, वयनीची अब्रू बसलीय," शिवशरण म्हणायचा आणि खड्डा चुकवायचा.

या तीन आठवड्यांत रत्नम्माच्या तोंडाला आराम नव्हता. रोज गाठी सुटल्या की तिचे सामने सुरू. आज निंगव्वाच्या चार मोडल्या, माझ्या दोन, निंगव्वा गेली. आज काशम्मापेक्षा एक कमी, काशम्मा गेली. ज्या दिवशी भुवनेश्वरीच्या जास्त मोडल्या त्या दिवशी शेजारच्या घरी साखर वाटायची बाकी होती. आणि ज्या दिवशी तिच्या कमी मोडल्या, त्या दिवशी रत्नम्माला जेवण जायचं नाही.

"सिद्धे," एका संध्याकाळी तिनं भाचीला गाठलंच, "एवढं थांबायचं कशाला? दोघी-दोघी समोर घ्यायच्या आन् निकाल लावायचा. मी आन् निंगव्वा. मी आन् काशम्मा. मी आन् ती."

"आणि मामी, काशम्मा आणि निंगव्वा? त्या दोघी आणि भुवनेश्वरी? चौघींच्या सहा जोड्या होतात."

"व्हऊ देत. सहा येळा बघू."

"तिथंच फसतं. समजा चौघींचा हात अगदी सारखा आहे. तरी नुसत्या नशिबानं एखाद्या जोडीत मोठा फरक दिसू शकतो. एका जोडीत विसांतून एकदा असं फसलो तर चालेल, असं आपण धरू. पण सहा-सहा जोड्या तपासायला बसलो, तर अशा दर पाच परीक्षांत एकीत तरी कुणी ना कुणी बाई उगाचच बदनाम होणार. चुली वाढवा, आणखी होणार."

"व्हऊ दे की बदनाम. मी न्हाय झाले म्हंजे बास."

सिद्धेश्वरीनं कपाळाला हात लावला. "म्हणून आधी जोड्या लावायच्याच नाहीत. आधी चौघींना मिळून एकच प्रश्न विचारायचा: तुमच्यात काही फरक आहे का?"

"त्यो काय इचारायचा? चौघी व्हय म्हणतील."

"तोंडाला नाही विचारायचं, भाकऱ्यांना विचारायचं. चौघींच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत ते एक. आणि एकाच चुलीचा माल रोजच्या रोज किती हलतो ते दुसरं. एकीच्याच थप्पीत आज एक मोडते आणि उद्या आठ, तर दोन बायकांच्या सरासरीत अर्ध्या-पाऊण भाकरीचा फरक निघाला तर त्याला काय किंमत? पण प्रत्येकीचा हात रोज ठाम असेल, तर तोच अर्ध्या भाकरीचा फरक मोठा. पहिलं अंतर दुसऱ्याच्या मानानं खूप भरलं, तरच म्हणायचं की चुलीचुलीत फरक आहे. जोड्या त्याच्या नंतर, त्याही जपून. याला अनोव्हा म्हणतात."

"अनोव्हा," रत्नम्मानं शब्द कानाशी नेऊन मोडल्यासारखा उच्चारला. "नाव तर कुणाच्या तरी जावेचं वाटतंय."

तीन आठवडे संपले. निकालाच्या दिवशी रत्नम्मा इरकल नेसून शेडमध्ये आली, फोटोवाल्याचा नंबर पदराच्या गाठीत. काशम्मा चहा घेऊन बसली होती. काशम्मा देहानं भरभक्कम. ती मधल्या चुलीशी बसली की पलीकडचं काही दिसत नाही.

"सरासऱ्या जवळजवळ आहेत," सिद्धेश्वरी म्हणाली. "तिघींच्या थप्पीमागे साडेतीनच्या आसपास मोडल्या. भुवनेश्वरीच्या तीनच्या जरा वर."

रत्नम्माचा चेहरा उतरला. भुवनेश्वरी चुलीतली राख उगाचच सारू लागली.

"पण एकेकीच्या स्वतःच्या थप्प्या याहून कितीतरी जास्त हलतात. त्यामुळं फरक आहे असं म्हणता येत नाही. चौघी तंतोतंत सारख्या आहेत असंही मी म्हणत नाही. एवढंच, की या भाकऱ्यांच्या जोरावर कुणा एकीचं नाव काढता येणार नाही."

निंगव्वानं टाळी वाजवली. काशम्मानं चहाचा मोठा घोट घेतला. रत्नम्मा मात्र भिंतीला टेकून खाली बसली. हरायची तयारी तिनं मनातल्या मनात केली होती. हरलं की निदान रिक्षाला, खड्ड्यांना, भाचीला बोल लावता येतात. पण सारखं असणं? इतक्या वर्षांचा तवा आणि दोन वर्षांची पोरगी सारखी? हे दुखणं पोटातल्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं तेच तिला कळेना.

"रोज हलतात म्हंजे काय?" ती शेवटी म्हणाली. "माझा हात काय थरथरतो व्हय?"

"तेच विचारायचं होतं. काशम्मा आणि निंगव्वाच्या रोज तीन-चार मोडतात, फार वरखाली नाही. तुमच्या, मामी, एरवी दोन-अडीच. चौघींत सर्वांत कमीच्या बरोबरीनं. पण एका वारी एकदम आठ. सोमवारची रत्नम्मा आणि मंगळवारची रत्नम्मा यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं तुमच्यात आणि या तिघींत मिळून नाही."

"सोमवारी उपास असतो माझा!" रत्नम्मा उसळली. "रिकाम्या पोटी हात हलणारच."

"भुवनेश्वरीचा उपास नसतो. आणि तिच्याही सोमवारीच मोडतात. सात-सात."

मग काशम्माचं सगळं अंग हळूहळू हलायला लागलं, आणि ती हसतेय हे बाकीच्यांना जरा वेळानं कळलं.

"अगं बायांनो, सोमवारी मी आन् निंगव्वा सिद्धेश्वराच्या देवळात जातो, उशिरा येतो. म्हंजे मी मधी नसते! एरवी ह्या दोघींना एकमेकींचा तवा दिसतच न्हाय. सोमवारी पडदा उघडा!"

रत्नम्माला आठवलं. पूर्वी सोमवारी तीही देवळात जायची. भुवनेश्वरी आल्यापासून तिनं दर्शनाचा वार बदलला होता. देव समजून घेईल, पण त्या पोरीला एकटीला शेडमध्ये सोडायचं म्हणजे काय? मग त्या दोघी देवळातून येईपर्यंत नजर समोरच्या तव्यावर, आणि हात आपल्या तव्यावर नुसता दाबत राहिलेला. मधला भाग ओला, कडा चिरलेल्या. तिला ते कळलं, पण ते तिला बोचलं नाही. तिला दुसरंच काहीतरी कळलं होतं.

"आन् तुझ्या का गं मोडल्या?" तिनं भुवनेश्वरीला विचारलं. आवाज अगदी हळू होता.

भुवनेश्वरीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रत्नक्का, तुमी भाकरी उलटता ना, एका बोटानं, फडकं न लावता... मला न्हाय जमत ते. दोन वर्सं बघतेय. घरी गेल्यावर जेवण गोड लागत न्हाय मला. आमच्या ह्यांना इचारा. भांडीच आदळते मी."

रत्नम्मानं तिच्याकडे पाहिलं. मग वर पत्र्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की फोटोवाला तिथं असता तर त्यानं पाकिटाचं काम त्याच क्षणी उरकलं असतं. आयुष्यभर ती दुसऱ्यांवर जळली होती. तिच्यावर कुणी जळावं, आणि तेही जेवण न जाण्याइतकं, असं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"भांडी? कसली, ष्टीलची?" तिनं खात्री करून घेतली.

"पितळेची पण," भुवनेश्वरी म्हणाली.

"बघ सिद्धे," रत्नम्मा उठत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, मी पयल्यापासनं म्हणत होते."

पाकिटावर कुणाचंच नाव आलं नाही. 'चार चुली' एवढंच आलं, आणि ते दुकानदाराला आवडलं. सोमवारपुरत्या त्या दोघींच्या चुली समोरासमोरच्या भिंतींशी मांडायच्या, म्हणजे दोघी पाठीला पाठ करून बसतील, असं सिद्धेश्वरीनं ठरवून दिलं. मग बघू, पुढच्या परीक्षेत फरक निघतो का. रत्नम्मानं ते लगेच मान्य केलं. पुढच्या परीक्षेत नाव आपलंच, याबद्दल तिला आता शंकाच नव्हती.

पहिला सोमवार आला. काशम्मा-निंगव्वा देवळात गेल्या. रत्नम्मा समोरच्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती. जरा वेळानं तिनं चिंचेनं लख्ख घासलेली पितळी परात हळूच भिंतीला उभी टेकवली, कोन साधला, आणि तिच्यात डोकावली. पाठीमागची भुवनेश्वरी दिसली. आणि भुवनेश्वरीच्या पुढ्यात, भिंतीला टेकवलेलं, तिचं लख्ख स्टीलचं ताट दिसलं.

दोघींचे डोळे तिथं, ताटात आणि परातीत, भेटले. पाठी तशाच राहिल्या. शेडमध्ये करपलेल्या ज्वारीचा वास पसरला, आणि तो नेमक्या कुठल्या चुलीतून येतोय हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही.