पेटली तर तुझी

शाळेत सकाळची प्रार्थना चालू होती. मुलं डोळे मिटून उभी, आणि हेडमास्तर म्हणून मी तेवढा डोळे उघडे ठेवून. फाटकातून माझ्या बहिणीच्या शेजारची शेवंताबाई पळत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती. "गुरुजी, चला लवकर. दाजी गेलं तुमचं... चहा पिता पिता गेलं बघा," ती म्हणाली. मागे मुलांनी 'आमेन' म्हटलं. मी त्यांना वर्गात जायला सांगितलं की तशीच उभी ठेवून निघालो, आता आठवत नाही.

दाजी म्हणजे शांतवन, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. मातीच्या वेळी भाषणं झाली. 'शांतवन म्हणजे देवमाणूस', 'कधी कुणाला उलटून बोलला नाही', 'दिलं ते घेतलं, नेलं ते सोडलं'. ऐकताना माझं डोकं फिरत होतं. अहो, बोलायचा की उलटून! चांगला तोंडावर बोलायचा. शेवटचं वर्षभर बोलत नव्हता, आणि का बोलत नव्हता ते तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकलं की सगळ्यांनाच सोयीचं पडतं. मीही दोन शब्द बोललो. चांगलं बोललो म्हणतात. बोलणं हा माझा धंदाच आहे.

दाजी फिटर होते. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात वीस वर्षं काढली. एक दिवस घासकाम करताना लोखंडाचा कण डाव्या डोळ्यात गेला आणि तो डोळा गेला. 'हलकं काम बघू, हलकं काम बघू' म्हणत मालकानं त्यांना घरी बसवलं. मग अंगणात लिंबाखाली पोतं टाकून ते लोकांचे स्टोव्ह नीट करायला लागले. स्टोव्ह किती दुरुस्त होणार आणि त्यावर दोन माणसांचं घर किती चालणार! पण रडगाणं नाही. "मास्तर, एक डोळा ऱ्हायलाय तो बारीक कामापुरताच ठेवलाय देवानं. लांबची माणसं न्हाई दिसली तर बिघडत न्हाई, तशीबी ती काय बघण्यासारखी न्हाईत," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

त्या काळात मिशनच्या बंगल्यात शेवटचा गोरा साहेब राहत होता. त्यानं एकदा सुट्टीवरून येताना बोटीनं एक शेगडी आणली होती. मांस भाजायची, गॅसवर चालणारी. ॲल्युमिनियमची मोठी पेटी, वर झाकण, खाली दोन चाकं, आत लोखंडी बर्नर आणि वर जाळी. नगरात गॅसच्या टाक्या नुकत्या कुठे यायला लागल्या होत्या. साहेबानं टाकी जोडून काडी लावली तर हातभर पिवळा जाळ उठला आणि साहेबाच्या भुवया गेल्या. झालं, शेगडी मागच्या पडवीत जाऊन पडली. पुढे एका नाताळात साहेब गावाला गेलेला पाहून वॉचमन आणि खानसामा यांनी तिच्यात दोन पाट्या कोळसा ओतला आणि सगळ्या वाड्यासाठी कोंबड्या भाजल्या. 'शेगडी म्हटल्यावर कोळसा नको व्हय?' हा त्यांचा युक्तिवाद. कोळशाच्या धगीनं बर्नर वाकडा झाला, पेटीच्या तळाला भोक पडलं. मग तिच्यात मांजर व्यालं.

एकाहत्तर साली साहेबानं देश सोडायचं ठरवलं. बंगल्याचा कारभार चर्चच्या पंचांकडे आला आणि मी पंचांचा सेक्रेटरी, म्हणून बंगल्यातल्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे. पडवीत उभा राहून मी लिहीत होतो, 'मोडकी शेगडी, एक'. तेवढ्यात साहेब आला. बरोबर दाजी होते. साहेबाची जीप तेच बघायचे. दाजी त्या शेगडीभोवती दोनदा फिरले, गुडघे टेकून आत डोकं घातलं. साहेबाला मराठी आपल्यासारखीच यायची. तो हसला आणि म्हणाला, "शांतवन, पेटली तर तुझी. नाही पेटली तरी तुझी. घेऊन जा." मी तिथेच होतो. माझ्या हातात पेन होतं. ती ओळ खोडायला किती वेळ लागला असता? नंतर खोडू म्हटलं. त्याच संध्याकाळी दाजींनी ती ढकलत ढकलत घरी नेली, मांजराची पिल्लं आक्काच्या टोपलीत घालून.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष दाजी दुसरं काही बोलतच नव्हते. मी संध्याकाळी गेलो की आधी शेगडीचा समाचार. जाळी आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, मग तारेच्या ब्रशनं घासली, मग नव्या तव्यासारखी तेल लावून पुन्हा पुन्हा तापवली. आक्कानं एकदा चांगुलपणानं ती राख-चिंचेनं लख्ख घासून ठेवली, तर सकाळी पुन्हा तांबेरा! तेव्हा नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. वाकडा बर्नर त्यांनी लोहाराच्या भट्टीवर बसून सरळ केला, चिरा भरल्या. माझ्याकडे नुकताच गॅस आला होता, त्यावर लावून बघितली, पण जाळ काही निळा होईना. महिनाभर ते जेटकडे, गॅस आत येतो त्या पितळी तोटीकडे, बघत बसले, आणि एक दिवस शाळेत मला शोधत आले. "सापडलं! मास्तर, तिकडं ह्यो नळाच्या गॅसावर चालत असनार. भोक मोठं हाय त्याचं. हितं टाकीचा गॅस, त्याचा जोर लई. म्हनून साहेबाच्या भुवया गेल्या!" जुनं भोक पितळेनं बुजवून त्यांनी केसाएवढं नवं पाडलं. एका डोळ्यानं.

शेवटी राहिले दगड. बर्नर आणि जाळीच्या मध्ये धग धरून ठेवायला कसलेतरी खडे लागतात, साहेबाचे मूळचे खडे केव्हाच हरवले होते. दाजींनी आपला काळा दगड फोडून घातला. दगडांची चाचणीही माझ्याच अंगणात. दहा मिनिटं झाली आणि धाडकन दगड तडकला! एक कपची झाकणावर, एक शेजारच्यांच्या वाळवणात. शेजारीण ओरडत बाहेर आली, आणि दाजी म्हणाले, "वहिनी, पापड आयतेच भाजून मिळाले की." मग ते बसनं देवळाली प्रवऱ्याला गेले. तिथं शुगर फॅक्टरीच्या भट्टीतून काढलेल्या जुन्या विटा टाकून देतात, त्यांचे तुकडे पोत्यात भरून आणले. आगीत आयुष्य काढलेल्या विटा, त्या कशाला तडकतात!

त्या दिवशी शेगडी पेटली. सरसर निळी फुलं उठली या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाजींनी हात वर धरून धग बघितली. मग आक्काकडे बघून म्हणाले, "आता मी कुनाच्या दारात जानार न्हाई." लष्करी छावणीच्या रस्त्याला गाडा लावायचा, त्यावर ही शेगडी, भाजलेली कोंबडी, हंगामात कणसं. सगळं ठरलं होतं. गॅससाठी आक्काच्या नावानं अर्ज गेला होता. गाड्याला हिरवा रंग द्यायचा की निळा, यावर त्यांचं भांडणसुद्धा सुरू झालं होतं. डोळा गेल्यापासून मी दाजींना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. कर्जतकडे माणसं उन्हात खडी फोडत होती, सरकारी सुकडीवर दिवस काढत होती. ते पाहायला परदेशी पाहुणे येणार होते आणि उतरणार होते बंगल्यात. दुष्काळ बघून दमलेल्या पाहुण्यांना जेवायला काय घालायचं, हा पंचांपुढचा मोठाच प्रश्न! कुणीतरी म्हणालं, त्यांच्या पद्धतीचं भाजलेलं मटण घालू, बंगल्याची शेगडी शांतवननं दुरुस्त केलीय म्हणे. बंगल्याची! अध्यक्षांनी सभा बोलावली, बंगल्याच्या दिवाणखान्यात. दाजींना बोलावलं. धुतलेला सदरा घालून आले, टोपी हातात. "साहेबांनी मला दिली ती. ह्ये मास्तर हुते तवा," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

अध्यक्षांनी माझ्याकडून यादी घेतली. माझं अक्षर चांगलं आहे, वाचायला त्रास पडत नाही. 'मोडकी शेगडी, एक'. "यादीत तर आहे. साहेब तसं काही बोलल्याचं तुम्हाला आठवतं का, सेक्रेटरी?" हेच अध्यक्ष शाळेचेही अध्यक्ष. जूनमध्ये हेडमास्तरची जागा रिकामी होणार होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "नक्की... सांगता येणार नाही." "शांतवन, तू जरा बाहेर थांब," अध्यक्ष म्हणाले. पुढे दोन मिनिटांत ठराव झाला. शेगडी बंगल्याची मालमत्ता, शांतवन यांनी केलेल्या सेवेबद्दल आभार. तो ठरावही मीच लिहिला. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

आणि ऐका, पाहुणे आले त्या दुपारी खानसामा शेगडीला हात लावायला घाबरला, तेव्हा दाजींनाच बोलावणं गेलं. ते गेले! मागच्या अंगणात उभे राहून त्यांनी काडी लावली, जाळ कमी-जास्त केला. आम्ही आत टेबलाशी. एका पाहुण्यानं विचारलं, ही आमच्याकडची वस्तू इथं इतकी चांगली कशी चालते? अध्यक्ष म्हणाले, आम्ही सगळं नीट सांभाळतो. मटण सुरेख भाजलं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहून ती कमी होणार नाही.

जूनमध्ये मी हेडमास्तर झालो. दाजींनी नारळ आणून दिला आणि त्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हणणं सोडलं. 'हेडमास्तर' म्हणायला लागले. "या हेडमास्तर. बसा हेडमास्तर." त्यात टोमणा असता तर मी भांडलो असतो, पण टोमणाही नसायचा. गाड्याचा विषय संपला. आलेला गॅसचा नंबरही त्यांनी सोडून दिला. लोकांचे स्टोव्ह पुढ्यात घेऊन बसायचे, आणि झाले की न बोलता पुढे सरकवायचे. विनोद नाही, हसणं नाही. आक्का मला चहा द्यायची, कप खाली ठेवून आत निघून जायची.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी पंचांची सभा होती. दुखवट्याचा ठराव मीच वाचणार होतो. कागद हातात घेतला आणि वाचवेना. म्हटलं, आधी एक सांगतो, आणि सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाला, मी कुठे उभा होतो, मला सगळं नक्की आठवत होतं. वाटलं, आता हलकल्लोळ होणार, माझी खुर्ची जाणार. अध्यक्षांनी सुपारी कातरता कातरता वर बघितलं. "अहो, मग तेव्हाच नाही का सांगायचं? तुमच्या शब्दाबाहेर आम्ही होतो का? घेऊन जा की ती." बस. एवढंच होतं ते. एवढ्याला मी घाबरलो होतो!

टेम्पोत घालून शेगडी आक्काच्या अंगणात नेली. बंगल्यात तिच्यात परत कोळसाच घातला होता. बर्नर वाकलेला, विटांचे तुकडे कुणी फेकून दिलेले. आक्का दारात उभी होती. मी म्हणालो, "आक्का, मी सभेत सगळं खरं सांगितलं." ती शेगडीकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर न लावता, कोरड्या डोळ्यांनी बोलली, "त्यांना शेगडी गेल्याचं काय न्हवतं रे. आनिक एक केली असती त्यांनी. त्या दिशी घरी आले तवा पार तिन्हीसांज झालती. म्हटलं, सभा तर कवाच सुटली, कुठं हुता? तर म्हनले, बंगल्याच्या दाराशीच थांबलो हुतो. समद्यांच्या म्होरं मास्तरांना अवघड झालं आसंल, भायेर आले की बोलतील माझ्याशी... समदे गेले, वॉचमननं दार लावलं, तरी थांबले हुते. तू आलाच न्हाईस."

मी मागच्या दारानं निघून गेलो होतो.