तहानेपुढची भीती

जंतुनाशकाचा तो उग्र, किंचित गोडसर गंध नाकात शिरला, की मला अजूनही रक्त आठवतं आणि मी दाराकडे सरकते. चाकणच्या आमच्या कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठरलं, तेव्हाही मी मागेच सरकले. अपघात घडताच मदतीला धावतील अशा स्वयंसेविका हव्या होत्या. नावं गोळा करण्याचं काम माझ्याकडे, आणि कागद मात्र कोराच! "मॅडम, रक्त बघितलं की चक्कर येते," परभणीहून कामाला आलेली वंदना म्हणाली. तिला मी काय समजावणार? माझं तरी नाव कुठे होतं त्यावर?

म्हणून दुसऱ्या दिवशी पिंपळे सौदागरमधल्या माझ्या शेजारणीला, हिराकाकूंना, मी सोबत घेऊन गेले. आज जिथे सोसायट्या आहेत, तिथल्या मळ्यांत वाढलेल्या या काकू बांगलादेशच्या युद्धात, ऐन अठराव्या वर्षी, जखमी जवानांच्या शुश्रूषेसाठी स्वखुशीने लष्करी इस्पितळात गेल्या होत्या. इतिहास सेनापतींची नावं जपतो. पण प्रत्येक रणांगणामागे ज्यांनी जखमा धुतल्या, त्या असंख्य स्त्रियांची नावं कुणी लिहिली?

काकू कंपनीतल्या बायकांसमोर बसल्या नि सहज सांगू लागल्या, "माझं लगीन ठरलं व्हतं. सासरच्यांनी निरोप धाडला, परक्या बाप्यांच्या जखमा धुनारी सून आमाला नको."

"मग?" वंदनाने विचारलं.

"मोडलं. वाईट वाटलं, न्हाई कशाला म्हनू? वडील मला न्यायला इस्पितळात आले. दोन्ही हात गेलेल्या एका जवानाला मी भरवत व्हते. त्याचं जेवान व्हईस्तवर वडील दारातच हुबे. मग म्हनले, लगीन काय, व्हईल पुन्यांदा. तू हितंच ऱ्हा."

"आणि झालं?"

"व्हय की! चांगला मानूस मिळाला."

सगळ्या हसल्या. मी मात्र विचारलंच, "काकू, रक्ताची भीती नाही वाटली?"

"लई वाटली. पन समोरच्याला तहान लागलेली. पानी कोन देनार?"

मग वंदना उठली, तिने कोऱ्या कागदावर नाव लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं, "आता तुम्ही, मॅडम."

धैर्य म्हणजे निर्भयता, असं इतकी वर्षं मी मानत आले होते. किती सोयीचा समज! मी वंदनाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. त्या दुपारी आम्ही एकमेकींच्या हातांना पट्ट्या बांधल्या. वंदनाची घट्ट बसली. माझी लगेच सुटली. काकूंनी ती शांतपणे गुंडाळली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.