मोठ्या आईचा न शिवलेला स्वेटर

शाळेची शिपाईण वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते; खडू तिथंच टाकला. ऑफिसात फोन आला होता. धावत जाताना मी मनाशी म्हणत होते, मोठे बाबा गेले… दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. काळजी करायची ती त्यांची, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. फोनवर त्यांच्या शेजारचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मोठ्या आई गेल्या. बसल्या जागी." तिची काळजी करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. धरमपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्या माझ्या सासरपासून दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून येता-जाता डोकावणारी मीच. विणकामही मी तिच्याकडेच शिकले. तिची रीत मात्र मला कधी जमली नाही. ती टेपने माप घेत नसे. माणूस बसतो कसा, उठतो कसा, हात कुठवर नेतो, हे दिवसेंदिवस बघत राहायची आणि मग टाके घालायची. सगळे भाग विणून झाले की ज्याचा स्वेटर त्यालाच समोर बसवून शिवायची. त्यामुळे शिवणीच्या दिवसापर्यंत तिच्या मनात काय आहे ते कुणाला कळत नसे. नवरात्रात मी तिला शेवटची भेटले, तेव्हा तिच्या मांडीवर राखाडी लोकर होती.

"काय विणून राहिली, मोठी आई?"

"शिवायच्या वेळी ये, मंग समजंन."

"आत्ताच सांग ना."

"तू तं बाप्पा, दूध उतू जायच्या आधीच चूल पुसून ठेवते!"

खरंच होतं ते. मी जन्माची धास्तीखोर. पण तिच्याबद्दल मला तेव्हा वेगळीच धास्ती वाटत होती. उन्हाळ्यापासून ती विचित्र वागू लागली होती. उजवा हात पदरात गुंडाळून बसायची आणि डाव्या हाताने डब्यांची झाकणं काढायची. एकदा माझी आई तिच्याकडे गेली, तर ही लुगड्यावर मोठ्या बाबांची बंडी चढवून, एका हाताने तिची बटणं लावत होती. काढत होती, पुन्हा लावत होती. आई घरी आली ती कपाळाला हात लावूनच. "जाऊबाईचं काही खरं नाही," एवढंच म्हणाली.

तेरावं झाल्यावर आम्ही तिची विणकामाची पिशवी उघडली आणि माझी भीती खरी ठरल्यासारखं वाटलं. पाठ अवाढव्य रुंद, तीही एकाच बाजूला वाढलेली. पुढचा भाग अरुंद, लहान पोराचा असावा तसा. डावी बाही व्यवस्थित गोल विणून पूर्ण केलेली. उजवी बाही मात्र बाही नव्हतीच, नुसता पसरट तुकडा, आणि त्याच्या एका कडेला ओळीने काजं. काजंही केवढी मोठी! जिच्या हातचा टाका कधी इकडचा तिकडे झाला नाही, तिने हे विणलं होतं. मी ते सगळं पलंगावर मांडलं. पाठ पुढे घेऊन पाहिली, उलटी करून पाहिली. कच्चा दोरा घालून नवऱ्याच्या अंगावर चढवलं, तर एका बगलेत लोकरीचा ढीग आणि दुसरा हात उघडा. तो बिचारा हसू दाबत उभा होता. मला मात्र रडू फुटलं. शेवटी शेवटी तिला काही कळेनासं झालं होतं आणि ती त्या घरात, त्या अर्ध्या लुळ्या माणसाजवळ एकटीच होती… हे मनातून जाईना.

तेवढ्यात थंडी पडली. नागपूरची थंडी उन्हाळ्याइतकीच हट्टी. मोठे बाबा पातळ सदऱ्यावर धुसा, ती जाड लोकरी शाल, ओढून बसत आणि ती घटकेघटकेला खांद्यावरून घसरे. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीत कफ झाला तर यांना झेपणार नाही. जुना स्वेटर होता, पण तो दुसऱ्याने घालून द्यावा लागे, आणि ते काम फक्त मोठ्या आईचं होतं. मी पुढे झाले की ते उखडत. "मी काय पोट्टं आहो का? हात नको लावू!" पोस्टातले जुने तारबाबू ते. तारा ठोकणाऱ्या त्या उजव्या हातावर त्यांचा सगळा तोरा होता. रोज सकाळी त्यांच्या दाराशी जाताना मी आधी कानोसा घ्यायची, खोकल्याचा आवाज येतो का.

आई म्हणाली, "उसवून टाक ते, नंदा. डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं. लोकर धुऊन काढ अन् त्यायले समोरून उघडा, साधा स्वेटर विणून दे." तिने लोकरीचं टोक शोधूनही ठेवलं. सल्ला चुकीचा नव्हता. आमच्याकडे कुठला स्वेटर दोनदा उसवला गेला नाही? पण एकदा ओढलं की मोठ्या आईच्या हातचं शेवटचं काम गेलं. आणि न ओढावं, तर म्हातारा थंडीने जायचा. मी आईकडे रविवारपर्यंत मुदत मागितली.

रविवारी दुपारी ट्रान्झिस्टर ऐकायच्या निमित्ताने त्यांच्यासमोर जाऊन बसले. मोठी आई बसायची तशी, नुसती बघत. थोड्या वेळाने त्यांनीच जुना स्वेटर ओढला. डोकं आत गेलं, डावा हात गेला, आणि उजवा काही वर येईना. चेहरा लोकरीत, धाप लागलेली… मी अर्धवट उठले.

"बस तिथंच!" आतून आवाज आला.

बसले. आणि त्यांचा डावा हात कुठवर पोचतो ते पहिल्यांदा नीट पाहिलं. छातीवर पोचतो, पोटावर पोचतो, उजव्या हाताच्या आतल्या बाजूने मनगटापर्यंत जातो. बगलेखाली जात नाही, मागे तर नाहीच. घरी आले आणि तुकडे पुन्हा मांडले. पाठ रुंद होती, कारण ती उजव्या बगलेखालून वळून पुढे, छातीवर यायची होती. डोकं आणि डावा हात घातला की उजवा पसरट तुकडा शालीसारखा त्या पडलेल्या हातावर उतरणार, आणि सगळी बटणं पुढे, डाव्या हाताच्या टप्प्यात. काजं मोठी होती ती एका हाताने लावता यावीत म्हणून. पदरात गुंडाळलेला तिचा हात आठवला, एका हाताने लावलेली बंडीची बटणं आठवली. ती शहाणी होती. आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणी होती. पण मग आपण आधी जाणार, हे तिला माहीत होतं… डॉक्टरांना विचारलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "उन्हाळ्यातच सांगितलं होतं त्यांना. हृदय फार थकलं होतं. कुणाला सांगू नका म्हणाल्या."

तिच्या रीतीप्रमाणे मोठ्या बाबांना समोर बसवून मी तो शिवला, बटणं टाकली. मग लांब उभी राहिले. त्यांनी डोकं घातलं, हात घातला, उजवी बाजू खाली सोडली. एकेक बटण लागत गेलं, मनगटापासून गळ्यापर्यंत. मग त्यांनी डावा हात पुन्हा एकेका बटणावरून फिरवला.

"मी तिले रोज रागवत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, काहून एवढं विणून राहिली, माह्याशी दोन गोष्टी बोल ना."

मी उरलेली लोकर गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर गळ्याजवळचं बटण उघडं. "हे लागत नाही मले," ते म्हणाले. माझा जीव उडाला. डावा हातही चालला की काय? मी बटण लावलं आणि दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मोठ्या बाबांना बघून थेट शेजारी डॉक्टरांकडे जायचं ठरवूनच एका सकाळी निघाले. त्यांचं फाटक नेहमीसारखं करकरलं आणि उघड्या खिडकीतून मला मोठे बाबा दिसले. स्वेटरची सगळी बटणं लावलेली होती. फाटकाचा आवाज ऐकून त्यांनी डावा हात गळ्याशी नेला आणि वरचं बटण हळूच काढलं.

मी डॉक्टरांकडे गेले नाही. आत गेले. मोठ्या बाबांनी बटणासाठी हनुवटी वर केली.