माझा पहिला डीजे कंट्रोलर

आज मसुऱ्याहून सावंतवाडीला गेले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिला डीजे कंट्रोलर घेतला, लॅपटॉपला जोडून गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र.

आमचे हे लग्नांत साऊंड लावायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचे स्पीकर अजून घरात आहेत.

दुकानदाराला वाटलं, मुलासाठी घेतेय. त्याने विचारलं, "झिलाक होयो?"

"नाय, माकाच."

तो हसला नाही. "लॅपटॉप किती जुनो आसा?"

"आठ वर्षांचो."

"मगे मोठो घेव नका. त्याचा सॉफ्टवेअर म्हाग, आणि जुन्या लॅपटॉपवर चलाचा नाय. हो बारको घेवा. ह्याचा सॉफ्टवेअर फुकट आसा."

बारकाच घेतला.

घरी येऊन दोन गाण्यांचे ठेके जुळवत बसले. पाचव्या खेपेला जुळले. एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, माझं मलाच कळलं नाही. मी मागे वळून म्हणाले, "ऐकलंत?"

हे बसायचे त्या ओटीवर कोणी नव्हतं.

मग पुण्याला मुलाला फोन केला. "आये, मीटिंगमध्ये आसंय, मगे करतंय," म्हणाला. दिवेलागण झाली, अजून फोन नाही. कामात असेल.

नवीन काही जमलं की तुम्ही पहिलं कोणाला सांगता? मी आज तुम्हाला सांगितलं.